उभ्या मंडपाचे दिवस

आमच्या धंद्यात हळदीचा दिवस मोजत नाहीत. मंडपाचा दर ठरतो तो अख्ख्या कार्याचा. आदल्या दिवशी हळद, दुसऱ्या दिवशी लग्न, पाहुणे रेंगाळले तर तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कापड तसंच ताणलेलं. पण दर एकच. बारामतीचा मंडपवाला असो की इंदापूरचा, हळदीचे वेगळे पैसे मागितले तर गिऱ्हाईक त्याला वेड्यात काढेल. हे मला पक्कं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर घोळ झाला.

आमचं गोडाऊन वालचंदनगरच्या रस्त्याला आहे. बांबू, वासे, कनाती, खुर्च्या, एक कुरकुरणारा जनरेटर आणि एक टेम्पो. बांबू यांच्याकडे आणि कागद माझ्याकडे, ही वाटणी लग्नानंतर लवकरच पडली. यांना कागद दिसला की झोप येते, आणि मला शिडीवर चढवलं तर उतरवायला अग्निशामक दल बोलवावं लागेल. असं आमचं बरं चाललं होतं. पण लग्नसराई संपली की आषाढापासून थेट तुळशीचं लग्न लागेपर्यंत गोडाऊनला कुलूप. मध्ये गणपती-नवरात्र येतात, तर गावोगावच्या मंडळांनी आता स्वतःचे लोखंडी सांगाडे घेतलेत. गेल्या दोन पावसाळ्यांत आमची कामाची माणसं एकेक करून निघून गेली. शेवटी हे एकदा जेवता जेवता म्हणाले, "यंदा बी असंच गेलं तर मी एमआयडीसीत शिक्युरिटीला लागतो. बोलनं झालंय."

हा माणूस घरात खुर्चीवर पाच मिनिटं टिकत नाही. सतत काहीतरी बांधत, सोडत, ताणत असतो. त्याला गेटवर टोपी घालून बसवायचं? मला त्या दिवसापासून धसकाच बसला. रस्त्यात निळ्या शर्टातला कुणी रखवालदार दिसला तरी मी तोंड फिरवून पुढं जायची.

त्याच सुमारास एका सरकारी कार्यालयाची जाहिरात आली. आजवर तिथली सगळी मंडपाची कामं बारामतीच्या तात्यांकडे जायची. तात्या म्हणजे दोन्ही तालुक्यांतलं मोठं प्रस्थ. हे त्यांच्याच हाताखाली गाठ मारायला शिकले, म्हणून ते मला सूनबाई म्हणतात. पण नवीन आलेले साहेब म्हणाले, एकाच ठेकेदाराची मिरासदारी नको. वर्षभरासाठी तिघांचं पॅनेल करू. निविदा भरा, ज्याचा दर सगळ्यात कमी तो दर पक्का. बाकीच्यांना तोच दर कबूल असेल तर तेही पॅनेलवर. मग जशी कामं येतील तशी तिघांत वाटायची. मला वाटलं, देवानंच हा साहेब पाठवला.

निविदा भरायच्या आदल्या दिवशी तात्यांचा फोन आला.

"सूनबाई, काय दर टाकताय? बसू की समदी, च्या घेऊ, ठरवू."

"तात्या, दर एकमेकांना सांगायचा नसतो. स्पर्धा आहे," मी म्हणाले.

"बरं, बरं," ते हसले. "टाका तुमच्या मनानं."

मला माझाच अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी मी बारामतीच्या स्टँडजवळच्या इंटरनेट सेंटरमध्ये एकटी बसले. हे कुठल्याशा बारशाच्या मंडपावर शिडीवर, फोन उचलत नव्हते. मुदत संपत आलेली, मागे रांग, आणि समोर पडद्यावर लिहिलेलं: मंडप उभारणी, प्रति चौरस फूट, प्रति दिवस. ते 'प्रति दिवस' वाचून माझं डोकं सटासट चाललं. आपला दर कार्याचा. कार्य म्हणजे हळद आणि लग्न, दोन दिवस. म्हणजे एका दिवसाचा दर निम्मा. खुर्च्यांचंही तसंच. गणित बरोबर होतं. शाळेत असते तर बाईंनी पाठ थोपटली असती.

निविदा उघडल्या आणि आमचा दर सगळ्यात कमी निघाला. मी पेढे घेऊन गोडाऊनवर गेले. यांनी दर विचारला, मी सांगितला. ते हातातली सुतळी टाकून कनातींच्या गठ्ठ्यावर बसले.

"निम्मा का केलास?"

"एका दिवसाचा आहे."

"आगं, खर्च उभा करायचा आन् उतरवायचा आसतो. उभा मंडप काय खातोय का? येका दिवसाच्या कामाला बी तेवढीच मानसं, तेवढाच टेम्पो, तेवढंच डिझेल!"

पेढ्यांचा पुडा मी पदराखाली लपवला. रडू येत होतं आणि रागही येत होता, रडू स्वतःमुळे आणि राग यांच्यामुळे, कारण ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही चार शब्द ऐकवले असते. ते नुसते बसून राहिले.

मग आठवडाभर मला दोन काळज्या आलटून पालटून सतावत होत्या. तात्या आणि निविदा भरणारे तिसरे, आबा, नाही म्हणाले तर सगळी कामं या बुडीत दरानं आमच्याच गळ्यात. आणि हो म्हणाले तर माझ्या चुकीपायी तेही बुडणार. पण ते हो म्हणतीलच कशाला? आबा म्हणजे भिगवणकडचे, डाळजच्या पुढं त्यांचं बारकंसं दुकान, आमच्यापेक्षाही लहान. साहेबांच्या टेबलासमोर आम्ही तिघं बसलो. आबा लगेच म्हणाले, "वैनीनं टाकलाय म्हंजी परवडत आसंल. मला कबूल." मी खाली मान घातली. तात्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी मांडलं, आणि गालात हसले. "मला बी कबूल."

त्या हसण्याचा अर्थ मला पावसाळा सुरू झाल्यावर कळला. 'प्रति दिवस' या दराला एक दिवसाचं काम मारतं आणि आठवड्याचं काम तारतं. मंडप एकदा उभा केला की नंतरचा प्रत्येक दिवस निव्वळ कमाई. तात्यांना मिळालं बचत गटांच्या मालाचं प्रदर्शन, चांगलं आठवडाभर चाललेलं. त्यांनाच मिळालं आरोग्य शिबिर, तेही लांबलचक. आम्हाला वृक्षारोपण, एक दिवस. आबांना झेंडावंदन, अर्धा दिवस म्हणा ना! आम्हाला पुन्हा कुठलासा एका दिवसाचा मेळावा. मी कार्यालयात जाऊन विचारलं, तर कामं वाटणाऱ्या कारकुनानं नोंदवही माझ्याकडे फिरवली.

"मोजा ताई. तिघांना सारखीच कामं. एक कमी नाही, एक जास्त नाही."

खरंच सारखी होती. सारखी होती आणि तरी मला ठार लुटल्यासारखं वाटत होतं. त्या कारकुनाशी भांडायला काही सापडेना, याचाच संताप आला. मी तशीच साहेबांच्या खोलीत घुसले. काय बोलले ते सगळं आठवत नाही; एवढं आठवतं की मी म्हणाले, "साहेब, आकड्यानं सारखं आणि पोटानं उपाशी, असला न्याय नको. कुठलं काम कुणाला हे कुणीच ठरवू नका. रांग लावा. काम आलं की ज्याचा नंबर त्याला. मोठं निघालं तर त्याचं नशीब, छोटं निघालं तर त्याचं नशीब."

साहेब तरुण होते, शांत होते. "नाकारता येणार नाही मग," ते म्हणाले. "नंबर सोडला तर पॅनेलवरून बाहेर."

"चालेल."

तसा आदेश निघाला. त्याच दुपारी चिठ्ठ्या टाकल्या: पहिले आबा, मग आम्ही, मग तात्या.

आबांना लगेच एका दिवसाचं काम लागलं. आता आमचा नंबर. मी फोन उशाशी घेऊन झोपायला लागले. कुकरची शिट्टी झाली तरी फोन वाजल्यासारखं वाटायचं. यांनी निळा शर्ट शिवायला टाकला नव्हता, पण ज्याच्याशी नोकरीचं बोलणं झालं होतं तो एमआयडीसीतला माणूस दोनदा घरी चहा पिऊन गेला. दुसऱ्यांदा मी चहात साखर घातली नाही.

फोन आला. दिव्यांगांना साहित्य वाटप. तीनचाकी सायकली, कुबड्या, कानाची यंत्रं. मोठं मैदान, मोठा मंडप, मुंबईहून येणारे प्रमुख पाहुणे. आणि एक दिवस. मागोमाग बातमीही कळली: त्यानंतरचं काम दहा-बारा दिवसांचं प्रशिक्षण शिबिर होतं. ते तात्यांच्या नंबरावर.

"आबांना विचारू का? त्यांना आपला नंबर देऊ, त्यांचा पुढचा आपण घेऊ," मी म्हणाले.

"रांग कुनी मागितली?" हे म्हणाले आणि टेम्पोत बांबू भरायला लागले. मला त्यांचा इतका राग आला की मी मदतीलाही गेले नाही.

ठरल्या दिवशी सकाळी सगळं तयार होतं. पावसाची भुरभुर म्हणून वर ताडपत्री, खाली गालिचा, व्यासपीठाच्या बाजूला ओळीनं नव्या कोऱ्या सायकली, हँडलला अजून प्लास्टिक. गावोगावहून माणसं आली होती. पहिल्या ओळीच्या कडेला माझ्याच वयाची एक बाई बसली होती. दोन्ही पाय लहानपणीच गेलेले. तिचा भाऊ मोटारसायकलवरून तिला डाळजकडून घेऊन आला होता, आणि उचलून खुर्चीवर ठेवून बाहेर उभा होता. तो कुठल्याशा वीटभट्टीवर रोजानं जायचा. ती त्या सायकलींकडे असं बघत होती की मलाच बरं वाटलं.

दुपारी निरोप आला. पाहुण्यांचा दौरा पुढे गेला. कार्यक्रम उद्या.

उद्या म्हणजे मंडप हलवायचा नाही. दुसऱ्या दिवशी माणसं पुन्हा आली, ती बाई पुन्हा आली, आणि दुपारी पुन्हा तोच निरोप. उद्या. मी कारकुनाला गाठलं. हे दिवस बिलात धरणार ना?

"कार्यक्रम एकच आहे ताई. एक दिवस लिहायचा."

बुडीत दर, मोठा मंडप, राखणीला माणसं, आणि दिवस एकच! तिसऱ्या दिवशी सकाळी मी यांना ओढत साहेबांकडे नेलं. तिथं तात्या आधीच बसलेले. त्यांच्या शिबिराचा कागद न्यायला आले होते. माझं बोलणं ऐकून ते मायेनं म्हणाले, "सूनबाई, हळदीचा दिवस कोन मोजतं का? धंद्याची रीत हाय. पाव्हनं उशिरा आलं तर मंडप थांबतोच की."

साहेबांनी यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. तुमच्या धंद्यात थांबलेला दिवस मोजतात का?"

मी डोळ्यांनी सांगत होते, मोजतात म्हणा. एकदाच म्हणा.

"न्हाय मोजत, साहेब," हे म्हणाले.

मला वाटलं, संपलं. आता गेट आणि टोपी. या माणसाला खोटं बोलता येत नाही म्हणून मी लग्नाआधी भाळले होते, आणि आता त्याच गुणापायी आम्ही बुडणार. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "रीत असेल तर ती तिघांनाही लागू. प्रदर्शन हा एक कार्यक्रम. शिबिर हाही एक कार्यक्रम. तात्या, तुमची आधीची बिलं परत काढतो, तीही एकेक दिवसाची करू."

तात्यांचा हात मिशीवरच थांबला. मग ते घसा साफ करून म्हणाले, "तसं न्हाय साहेब. सरकारी कामात दिस मोजावाच लागतोय. कागदावर लिवलंय नव्हं, प्रति दिवस."

"मग सगळ्यांचेच मोजू," साहेब म्हणाले आणि कारकुनाला हाक मारली. "मंडप जितके दिवस उभा, तितके दिवस."

जिन्यात मी यांचा हात धरला, भर कार्यालयात. हेही पहिल्यांदाच मोकळे हसले. तीन दिवसांत खर्च निघून थोडं उरत होतं. चौथा दिवस मिळाला तर माणसं टिकणार होती. पाचवा मिळाला तर पावसाळा निघणार होता. मैदानावर येईपर्यंत मी मनात सगळं मांडून टाकलं होतं, आणि मंडपात पाऊल ठेवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता पाहुणे आज आले नाहीत तर बरं, असं मला वाटतंय.

ती बाई होतीच, त्याच कडेच्या खुर्चीवर. मी जवळून जाताना तिनं माझ्या साडीला हात लावला.

"ताई, आज येत्याल का वं सायेब?"

"येतील की," मी म्हणाले. आणि आत, कुणाला ऐकू जाणार नाही अशा जागी, देवाला म्हणाले, आज नको.

त्या दिवशी ते आले नाहीत. पुढच्याही दिवशी आले नाहीत. मी तिला चहा दिला, माझ्या डब्यातली भाकरी दिली. तिनं सांगितलं की सायकल आली की ती एकटी दुकानापर्यंत जाणार आहे, भावाला न सांगता, नुसती जाऊन येणार आहे. दुकानात काय घेणार विचारलं तर हसली, म्हणाली, "ते कुठं ठरवलंय." भाऊ बाहेर उभा राहून दर थोड्या वेळानं फोनवर कुणाची तरी समजूत काढत होता. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी जनरेटरमागं जाऊन बसले. तिथंही मोबाइलवर दौऱ्याची बातमीच बघत होते, आणि 'रद्द' असा शब्द दिसला की जीव भांड्यात पडायचा. मी इतकी वाईट बाई नाही. पण त्या दिवसांत मी तशी होते.

त्यानंतरच्या सकाळी पाहुणे आले. हार, भाषण, फोटो, सगळं उरकायला वेळ लागला नाही. नावं पुकारायला लागले तेव्हा मी पहिल्या ओळीकडे पाहिलं. कडेची खुर्ची मोकळी होती. तिचं नाव पुकारलं, परत पुकारलं. निवेदक म्हणाला, "गैरहजर. पुढचे." पाहुणे पुढच्याला हार घालायला वळले.

दुपारी मंडप उतरवायला घेतला. कारकुनानं सगळे दिवस धरून बिलाचा कागद माझ्यापुढे केला, मी सही केली. एमआयडीसीतल्या माणसाला यांनी तिथूनच फोन करून नाही कळवलं. आमची माणसं गाणी म्हणत बांबू सोडत होती. सगळ्या सायकली गेल्या होत्या, एक राहिली होती. कारकून म्हणाला, चौकशी करून बघू, पुढच्या वाटपात धरू. तेवढ्यात सर आली, तसं यांनी आमची ताडपत्री सायकलवर टाकली आणि दोरीनं चारी बाजूंनी बांधली, नेहमीसारखी घट्ट.

"कामावरनं काढीन म्हनला आसंल त्याचा मालक," ते गाठ मारत म्हणाले. "तिच्या भावाचं किती खाडं झालं आसतील गं?"

मला आकडा ठाऊक होता. आमच्या बिलात होते तेवढेच; फक्त शेवटचा एक सोडून.